पाऊणकी, भांग आणि खांदेरी

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून नातू आला होता. आल्या आल्या त्याने माझ्या खाटेवर आपली सॅक रिकामी केली. मित्राबरोबर थळपासून रेवदंड्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायचं, मधे एक मुक्काम करायचा, असा त्याचा बेत होता. डोक्याला बांधायचा दिवा, पॉवर बँक, पाणी गाळायची नळी, ओल्यातही ठिणगी पाडणारी कांडी, दोरी विणून केलेलं कडं, जीपीएसचं घड्याळ... एकेक वस्तू तो हातात घेऊन मला तिची महती सांगत होता. दोघा मित्रांचा त्यावर म्हणे आठवडाभर वाद झाला होता. सुरा लहान असावा की मोठा? तंबू घ्यावा की नुसती ताडपत्री?

मी शिक्षक होतो, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "सगळं आहे, पण साखरची खाडी किती वाजता ओलांडणार ते सांग."

"फोनमध्ये भरतीची वेळ दिसते की आजोबा."

"आणि फोन बंद पडला तर?"

"म्हणून तर पॉवर बँक!"

आमच्या सौ. स्वयंपाकघरातून हसल्या. मग मीही जरा इरेला पेटलो आणि त्याला आमच्या किनाऱ्यावरचं जुनं सूत्र सांगितलं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आज चतुर्थी, चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. आमच्या लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकीही घोकावी लागे. त्या पाऊणकीचा एवढा उपयोग कुणा गुरुजींनी मात्र आम्हाला सांगितला नव्हता. तो मी अलिबागच्या बंदरावर शिकलो.

नातवाचा विश्वास बसेना. मग ठरलं की तपासून पाहायचं. सलग तीन दिवस आम्ही आजोबा-नातू समुद्रावर जाऊन वाळूत काटक्या रोवत बसलो. पाणी जिथवर आलं तिथे काटकी आणि वहीत वेळ. शेजारच्या भेळवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. निकाल असा लागला की पहिल्या दिवशी माझं सूत्र वीस मिनिटांनी चुकलं आणि तिसऱ्या दिवशी जवळजवळ अर्ध्या तासाने. फोन पाच-सात मिनिटांच्या आत होता.

चूक कुठून येते तेही सापडलं. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ साधारण बारा तास पुढे सरकते. पंधरा तिथींत बारा तास वाटले तर प्रत्येकीला ४८ मिनिटं येतात. पाऊणकीत आपण ४५ धरतो. रोज तीन मिनिटं मागे पडतात आणि पौर्णिमेला पाऊण तासाची तूट होते. प्रतिपदेपासून हिशेब पुन्हा नव्याने सुरू होतो, म्हणून तूट साठत जात नाही. ज्याने कुणी हे सूत्र बसवलं त्याला अचूकपणापेक्षा तोंडी हिशेब मोलाचा वाटला असणार. वल्ह्यावर बसलेल्या माणसाला चार पंचमांश करत बसायला सवड कुठली?

नातू म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो."

मी हो म्हटलं. पण त्याच रात्री त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी फारशी कुणाला सांगत नाही.

साल १९८४. मी आठवीच्या मुलांना कुलाबा किल्ला दाखवायला नेलं होतं. ज्यांनी अलिबाग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा किल्ला किनाऱ्यासमोर समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्याला आपलं ठाणं केलं. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. भोवती खारं पाणी आणि मधोमध गोडं, याचं मुलांना फार नवल वाटतं.

त्या दिवशी अष्टमी होती. माझा हिशेब चोख होता. सहाला भरती, सव्वाबाराला ओहोटी. अकराला निघायचं, दीडला परत. माझ्या पिशवीत शिट्टी होती, टॉर्च होता, आयोडीनची बाटली, कापूस, मुलांची यादी, सगळं होतं. जाताना पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा वाटलं, अजून ओहोटी पुरी व्हायचीय. परत निघालो तेव्हा मधल्या भागात ते माझ्या कमरेच्या वर होतं, म्हणजे मुलांच्या छातीशी. एक मुलगा शेवाळावरून घसरला आणि पाण्याखाली गेला. मी त्याचा शर्ट पकडला, पण त्या झटापटीत मीही कोलमडलो. डबे तरंगत निघाले. सदतीस मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला पुढे जावं की मागे फिरावं ते कळत नव्हतं.

किनाऱ्यावरून एक म्हातारे कोळी हातात काठी घेऊन पाण्यात उतरले. ते सरळ आमच्याकडे आले नाहीत, बाजूने वळसा घेऊन आले. काठीने चाचपत ते आम्हाला खडकाच्या एका उंच कण्यावर घेऊन गेले. मुलांना एकमेकांचे हात धरायला लावले, धाकट्या चणीच्या मुलांना मधे घेतलं आणि तिरपी वाट काढत सगळ्यांना बाहेर आणलं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मास्तर, आज भांग हाय. पानी सुकनार नाय आज. इचारलं असतं तं सांगितलं असतं."

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला येतं ते उधाण. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खोलवर ओसरतं. अष्टमीच्या सुमाराला असतो तो भांग. तेव्हा चढही थोडा आणि उतारही थोडा. पाऊणकी भरतीची वेळ सांगते, पाण्याची खोली सांगत नाही. सूत्र मला पाठ होतं, पण ते अर्धंच होतं, आणि आपल्याकडे अर्धंच आहे हे ठाऊक नसल्यामुळे मी मोठ्या खुशालीत मुलांना पाण्यात घातलं. सूत्र मुळीच ठाऊक नसतं तर मी किनाऱ्यावर कुणालातरी विचारलं असतं.

त्या म्हाताऱ्यांचं नाव मी त्या दिवशी विचारलं नाही. लाज वाटत होती आणि मुलांना घरी पोचवायची घाई होती. नंतर दोन-तीनदा कोळीवाड्यात चौकशी केली, पण "काठीवाले म्हातारे" एवढ्यावरून कोण सापडणार?

तेव्हापासून आमच्या किनाऱ्याचा इतिहास वाचताना मी लढायांपेक्षा वेगळं काहीतरी शोधत असतो. कोण जिंकलं हे पुस्तकात असतंच. मला पाहायचं असतं की पाणी कुठून आलं, धान्य कुणी पोचवलं, होडी कुठली निवडली आणि का. या नजरेने पाहिलं तर खांदेरीसारखं दुसरं प्रकरण नाही.

थळच्या किनाऱ्यावर, खुबलढा किल्ल्यापाशी उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, पलीकडचं खांदेरी. मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरणारं जहाज खांदेरीवरून दिसतंच. इंग्रजांना हे ठाऊक होतं, जंजिऱ्याच्या सिद्दीला ठाऊक होतं आणि महाराजांनाही ठाऊक होतं. १६७२ मध्ये महाराजांनी तिथे तटबंदीचा एक प्रयत्न करून पाहिला होता, तो विरोधामुळे सोडावा लागला. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीला पुन्हा माणसं उतरली. मायनाक भंडारी त्यांचे प्रमुख होते. बरोबर दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा. त्यांनी दगडमातीचा आडोसा उभा करायला सुरुवात केली.

वाचकहो, त्या खडकावर स्वतःला उभं करून पाहा. पावसाळा संपत आलेला, समुद्र अजून खवळलेला. डोक्यावर छप्पर नाही. धान्य, सरपण, लाकूड, दारूगोळा, पुढच्या महिन्यांचं पाणी, या सगळ्यासाठी डोळे किनाऱ्याकडे लागलेले. मधे इंग्रजांच्या होड्या. हे काम निव्वळ शौर्याने होत नाही. रोज किनाऱ्यावरून काहीतरी पोचावं लागतं, तेव्हा तिथे माणूस टिकतो.

इंग्रजांनी आधी लहान मचवे-शिबाडं पाठवून बेटाची कोंडी करून पाहिली. सप्टेंबरात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटाला भिडण्याचं धाडस केलं, त्यात तो मारला गेला. मग मोठं साधन आलं. 'रिव्हेंज' नावाचं युद्धजहाज, सोबत गुराबा, शिबाडं, मचवे. जहाजावर कप्तान मिंचिन आणि या साऱ्या काफिल्यावर रिचर्ड केग्विन. (हाच केग्विन पुढे १६८३ मध्ये मुंबईत कंपनीविरुद्धच बंड करून बसला. तो विषय वेगळा.)

१८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार, पन्नास-साठ लहान गलबतं, किनाऱ्याकडून अंगावर आलं. ती इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळाला नाही. 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांनी पकडली. बाकीच्या इंग्रजी होड्या मागे सरल्या. राहिली एकटी 'रिव्हेंज'. तिने काय करावं? तोफांच्या माऱ्याने तिने पाच गलबतं बुडवली आणि बाकीच्यांना खाडीच्या आसऱ्याला पळवून लावलं.

शाळेत असताना हा भाग शिकवायला मला अवघड जायचं. मुलं विचारायची, "सर, मग आपण हरलो का?" त्या दिवसापुरतं पाहिलं तर हो. पन्नास गलबतांना एक जहाज भारी पडलं. आपल्या तोफा लहान होत्या आणि तोफांच्या लढाईत त्या मोठ्या जहाजापुढे टिकत नव्हत्या. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण खांदेरी पडली नाही. कारण 'रिव्हेंज' दिवसाची राणी होती आणि खांदेरी जगत होती रात्री. मोठ्या जहाजाला वारा लागतो, खोल पाणी लागतं, वळायला जागा लागते. गलबताला वल्ही असतात, तळ उथळ असतो, वारा पडला तरी ते चालतं, उलट्या वाऱ्यावरही रेटत नेता येतं. खडकाच्या कडेकडेने ते जिथून जातं तिथे जहाजाची जायची छाती होत नाही. रात्री, वारा पडलेला असताना, ही गलबतं इंग्रजी पहाऱ्यामधून निसटत आणि बेटावर शिधासामग्री उतरवून उजाडायच्या आत परत किनारा गाठत. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात त्याबद्दलची चरफड दिसते. या चपळ होड्यांना गाठण्याजोगं आपल्याकडे काही नाही, हे त्यांनाही उमगलं होतं. म्हणून तर त्यांनीही इथलीच शिबाडं आणि मचवे सोबतीला घेतले होते. त्यांचाही आपसात साधनांचा वाद चाललेला होता म्हणायचा!

नोव्हेंबरात सिद्दी कासिम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. त्याच्या तोफा बेटावर आग ओकू लागल्या. तरी बेट सुटेना. अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी महाराजांशी समेट करून अंग काढून घेतलं. सिद्दीने जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावली आणि मग ही दोन बेटं वर्षानुवर्षं एकमेकांवर तोफा डागत बसली. पुढे नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर मोठी मोहीम काढली. तेव्हा बेट कान्होजींकडे होतं. बूनलाही हात हलवत परत जावं लागलं.

साधनाची परीक्षा लढाईच्या एका दिवशी होते असं आपण समजतो. खांदेरीवर ती रोज रात्री होत होती. गलबत लढाईत हरलं आणि शिधा पोचवण्यात जिंकलं, आणि बेट राखलं ते शिध्याने.

याची समज त्या काळच्या जाणत्यांना होती, हे दोन कागदांवरून कळतं.

पहिला कागद महाराजांचा. मुरूडसमोर, जंजिऱ्याच्या नाकावर टिच्चून पद्मदुर्ग वसवण्याचं काम चाललं होतं. तिथल्या आरमाराला पैसा आणि धान्य पोचवण्याची जबाबदारी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्यावर होती. त्याने ती वेळेवर पार पाडली नाही. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला जे पत्र लिहिलं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. ऐन वेळी सामग्री न पोचवणं म्हणजे शत्रूला मदत करणं, आणि यात कुणाची जात पाहून गय केली जाणार नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. तलवार न चालवणाऱ्या माणसावर महाराज इतके का संतापले असतील? कारण खडकावरच्या माणसाचा जीव त्या सुभेदाराच्या हाती होता.

दुसरा कागद रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. महाराजांच्या काळापासून राज्य पाहिलेल्या या माणसाने १७१५ च्या सुमाराला आपला अनुभव लिहून ठेवला. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, असं ते सांगतात. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून आधी टाकी करावीत. पुढचं सांगणं मला फार मोलाचं वाटतं. गडावर झरा आहे, पाणी पुरतं आहे, म्हणून निश्चिंत राहू नये. कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. म्हणून राखीव टाकं वेगळं असावं आणि त्यातलं पाणी एरवी वापरू नये. तोफेच्या आवाजाने झरा आटतो की नाही याची परीक्षा मी केलेली नाही. पण ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी नेहमीचा झरा दगा देतो, एवढा भाग अनुभवाचा असणार.

आरमाराबद्दल पंत म्हणतात की गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. ज्या प्रचंड जहाजांचं वाऱ्यावाचून पान हलत नाही तसली बांधण्याचं कारण नाही. मला यात खांदेरीचा १८ ऑक्टोबरही दिसतो आणि खांदेरीच्या रात्रीही दिसतात. नुसती लहान गलबतं असली तर 'रिव्हेंज'सारख्याच्या तोफांखाली बुडतात. नुसती मोठी जहाजं असली तर वारा पडल्यावर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून राहतात. दोन्ही बाजूंच्या चुका पाहिलेला माणूसच 'मध्यम' म्हणतो.

सिद्दीलाही त्याचं श्रेय दिलं पाहिजे. जंजिरा कुणालाही जिंकता आला नाही याचं कारण आपण तट आणि कलालबांगडी तोफेत शोधतो. मुलांना किल्ला दाखवताना मी त्यांना आधी आतल्या गोड्या पाण्याच्या दोन मोठ्या तलावांपाशी न्यायचो. म्हणायचो, ही पाहा खरी तोफ.

एवढं सगळं नातवाला ऐकवलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मला वाटलं पोरगं झोपलं. पण त्याने एकदम विचारलं, "आजोबा, रामदास बोटीवर वायरलेस असता तर?"

मी गप्प झालो. आमच्या भागात रामदास बोट ठाऊक नाही असं जुनं घर सापडणार नाही. १७ जुलै १९४७, माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट मुंबईपासून काही मैलांवर, काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. वाचलेली माणसं किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला कितीतरी तास पत्ताच नव्हता. रेवसच्या कोळ्यांनी जमेल तितक्यांना पाण्यातून वर काढलं. माझी आई सांगायची, त्या आठवड्यात गावात कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती.

कोळ्यांचं ज्ञान तिथे होतंच. ते होतं म्हणून काही जीव वाचले. पण एक संदेश वेळेवर गेला असता तर आणखी किती वाचले असते? नातवाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं' असं म्हणणारा म्हातारा आणि 'फोनमध्ये सगळं दिसतं' म्हणणारा तरुण, दोघांच्याही हातात अर्धंच सूत्र असतं. हे मला चाळीस वर्षांपूर्वी छातीभर पाण्यात कळलं होतं, तरी त्या दिवशी मी पुन्हा तोच म्हातारा झालो होतो.

मग त्यानेच मला आमुंडसेनची गोष्ट सांगितली. ती मला पुस्तकातून ठाऊक होती, तरी ऐकून घेतली. दक्षिण ध्रुवावर आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला पोचला आणि कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला. स्कॉट परत आलाच नाही. स्कॉटकडे मोटारीवर चालणाऱ्या घसरगाड्या होत्या, त्यांतली एक तर उतरवतानाच बर्फातून खाली समुद्रात गेली. आमुंडसेन त्याआधी उत्तरेला दोन हिवाळे नेटसिलिक लोकांच्या शेजारी राहिला होता. कातडी कपडे कसे घालायचे, कुत्र्यांच्या गाड्या कशा हाकायच्या, हे त्याने त्यांना विचारून, त्यांच्याबरोबर करून शिकून घेतलं होतं. म्हणजे त्याने आपल्या 'काठीवाल्या म्हाताऱ्यां'ना वेळेवर विचारलं! तरी हेही खरं की बर्फावरची दिशा त्याने होकायंत्राने आणि गणितानेच काढली. त्यानेही एकावर दुसरं ओवाळून टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर पुन्हा सगळं सामान मांडलं गेलं. आता वाद वेगळा होता. ज्या वस्तूचं नेहमीचं काम बिघडलं तर दुसरं काय, हे प्रत्येक वस्तूपुढे त्याने वहीत लिहिलं. फोनपुढे पाऊणकी, पाऊणकीपुढे भांग-उधाण, आणि त्याच्यापुढे 'विचारणे' असा एकच शब्द. पाणी गाळायची नळी त्याने बाहेर काढली. खारं पाणी त्या नळीने गोडं होत नाही आणि वाटेत गावागावांत विहिरी आहेत. त्याऐवजी दोन लिटरची जास्तीची बाटली भरून घेतली आणि तिला नाव दिलं 'अमात्यांचं टाकं'. ती शेवटपर्यंत उघडायची नाही. कांडी मात्र त्याने हट्टाने ठेवली. मी सौ.कडून काड्यापेटी मेणकापडात गुंडाळून दिली. कुठलं पेटलं ते परत आल्यावर सांग म्हटलं. (दोन्ही पेटली. म्हणजे तो वाद अजून शिल्लक आहे.)

निघताना तो थळला खुबलढ्यापाशी थांबला आणि मला खांदेरीचा फोटो पाठवला. दीपगृह स्पष्ट दिसत होतं. १८६७ चं ते दीपगृह आजही उभं आहे. बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात आमच्या जिल्ह्यातल्या रायगडाबरोबर खांदेरीही आहे. आनंद झाला. आता पाहायला येणारे तट पाहतील, तोफा पाहतील, आणि ते पाहावेतच. पण थळच्या वाळूवर उभं राहून, मधलं पाणी पाहून, एवढं अंतर रात्री शिध्याची पोती घेऊन वल्हवत जाणारी माणसं कोण होती, हेही क्षणभर मनात यावं. आरमाराच्या सरदारांची नावं कागदावर राहिली. वल्ह्यावर बसलेल्यांची राहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातवाचा फोन आला. साखरच्या खाडीशी पोचले तेव्हा फोनप्रमाणे ओहोटी होती, पण पाणी अंदाजापेक्षा जास्त दिसत होतं. पलीकडे जाळं विणत बसलेल्या एका माणसाला त्याने हाक मारून विचारलं. तो म्हणाला, अजून तासभर थांबा आणि इथून नको, वरच्या अंगाने या. हे दोघे थांबले, आणि पाणी घोट्याच्या वर लागलं नाही.

मी विचारलं, "त्यांचं नाव विचारलंस का?"

"विचारलं ना आजोबा. ते तर घरी घेऊन गेले, चहा पाजला."

असो. माझ्या वहीत १९८४ च्या पानावर एक जागा अजून कोरी आहे. ती आता भरणार नाही. पण पोरगं माझ्यापेक्षा बरं निघालं, एवढं त्या पानाखाली मी त्याच रात्री लिहून ठेवलं.